गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी एवढं बघा

एप्रिल अर्धा सरला की खानदेशातल्या कार एसीच्या गॅरेजांसमोर गाड्या लागायला सुरुवात होते. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात, धुळे-नंदुरबारला फारसा दिलासा नाही, आणि रांगेतल्या बहुतेकांची तक्रार एकच: एसी चालू आहे, वारा येतोय, पण गार करत नाही. त्यावर उत्तरही बहुधा एकच मिळतं. "गॅस सरी गया, भाऊ." मग गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, गाडी काही दिवस झकास गार करते, आणि लग्नाच्या तिथी संपायच्या आत पुन्हा गरम वारा सुरू.

गॅस कमी होणं हे कारण खरं असू शकतं. पण ते कारण सांगून झालं की पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: कमी झाला तर गेला कुठे? कारण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो एका बंद नळीत गोल फिरत असतो. आणि पुष्कळ वेळा तर गॅस पुरेसा असतो, दुखणं भलतीकडेच असतं. हे भलतीकडचं दुखणं ओळखायला हत्यारं लागत नाहीत. डोळे, कान आणि दहा मिनिटं पुरतात. त्यासाठी आधी एसी नेमकं करतो काय, ते समजून घेऊ.

वाफ न गमावणारा माठ

माठातलं पाणी गार होतं, कारण माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेऊन जातं. एसीचं तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की माठावरची वाफ हवेत निघून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसी ती वाफ पकडतो, दाबून पुन्हा द्रव करतो आणि परत उडवतो.

पाण्याऐवजी यात जो द्रव असतो त्यालाच आपण 'गॅस' म्हणतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांमध्ये तो आर-१३४ए नावाचा असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळून वाफ होतो. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार कॉइल असते, तिला कूलिंग कॉइल म्हणतात. त्या कॉइलमध्ये हा द्रव उडतो आणि तिच्यावरून जाणारी हवा गार होते. तिथून ती वाफ कंप्रेसरकडे जाते. कंप्रेसर हा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. तो वाफ दाबून तापवतो आणि पुढे कंडेन्सरकडे ढकलतो. कंडेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेली दुसरी जाळी. इथे बाहेरची हवा लागून वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून तो परत कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. झालं चक्र पूर्ण. ज्या छोट्या गाड्या आपण चालवतो त्यात हा सगळा गॅस मिळून साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. फार तर अर्धा किलो.

आता यातली जी गोष्ट खानदेशात सगळ्यांत महत्त्वाची, ती अशी. कंडेन्सरला आपली उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची असते, आणि उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. म्हणजे कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त गरम असला पाहिजे. जानेवारीत बाहेर २५ अंश असताना हे सहज जमतं. मे महिन्यात बाहेर ४५ असताना कंडेन्सरला ६०-६५ अंशांवर काम करावं लागतं, आणि त्या तापमानाला आर-१३४ए चा द्रव व्हायचा तर नळीतला दाब २३० ते २६० पीएसआय लागतो. चाकात आपण ३०-३२ भरतो, त्यावरून अंदाज करा.

म्हणून हिवाळ्यात न जाणवलेली बारीकसारीक खोट मे महिन्यात उघडी पडते. कंडेन्सरवर थोडी धूळ, पंखा जरा मंद, पट्टा किंचित सैल, हे सगळं २५ अंशांना खपून जातं, ४५ ला खपत नाही. एसी 'अचानक' बिघडला असं वाटतं. तो दिवाळीपासूनच बिघडत आलेला असतो.

आधी बटणं

हसू येईल, पण सुरुवात इथूनच करावी. बाहेरची हवा आत घेणारं आणि आतलीच हवा फिरवणारं असं एक बटण किंवा खटका प्रत्येक गाडीत असतो. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो तो आतल्या हवेचा. मुलांनी खेळताना किंवा गाडी धुताना तो खटका सरकला असेल, तर एसी दर क्षणी ४५ अंशांची नवी हवा गार करायला बसतो आणि हरतो. तापमानाची चकती पूर्ण निळ्याकडे आहे ना, तेही बघा. ती थोडी जरी लाल बाजूला असेल तर आतली एक झडप गार हवेत हीटरची गरम हवा मिसळते. कधी चकती बरोबर असते आणि झडपच मध्ये अडकलेली असते. त्याचं लक्षण म्हणजे कंप्रेसर चालतोय, कंप्रेसरला येणारी जाड नळी हाताला गार लागतेय, आणि आत मात्र कोमट हवा.

उन्हात चार तास उभ्या केलेल्या गाडीकडून दोन मिनिटांत गारव्याची अपेक्षा करू नये, हेही इथेच सांगून टाकतो. बंद गाडीत ६० अंशांच्या आसपास तापमान जातं. आधी चारही काचा खाली करून अर्धा-एक किलोमीटर चला, ती कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवा. भर उन्हात दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर चालल्यावर मधल्या व्हेंटमध्ये ठेवलेला साधा थर्मामीटर १० ते १५ अंश दाखवत असेल, तर तुमच्या एसीला काही झालेलं नाही.

हवाच कमी येते, की हवा येते पण गरम येते?

या एका प्रश्नावर अर्धं निदान होतं. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य हेच बोलावं. "गार करत नाही" एवढंच सांगितलं तर मिस्तरी दाब मोजणारे गेज लावणार, गॅसच बघणार.

ब्लोअर म्हणजे आतला पंखा चार नंबरवर ठेवूनही चेहऱ्यावर झुळूकच येत असेल, तर गॅसचा संबंध सहसा नसतो. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एक घडीचा फिल्टर असतो, एसी फिल्टर किंवा केबिन फिल्टर म्हणतात त्याला. ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवून तो कुठलंही हत्यार न लावता निघतो. काढून उजेडात धरा. आपल्याकडे तो शहरी गाड्यांपेक्षा किती लवकर भरतो याचा कंपनीच्या वेळापत्रकात विचार नसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने ये-जा असेल तर त्यावर पांढऱ्या तंतूंची गादीच बसलेली सापडते. त्यावर मार्च-एप्रिलमधल्या मळणीचा भुसा आणि काळ्या मातीची पिठासारखी धूळ. कंपनी म्हणते अमुक हजार किलोमीटरला बदला. माझं मत विचाराल तर खानदेशात होळी झाली की फिल्टर बदलावा, किलोमीटर कितीही झालेले असोत. काही शे रुपयांचं काम आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच खर्चात नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर गप्प असतो, असं असेल तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो. हा स्वस्त भाग आहे. ब्लोअरची मोटर बदलायला सांगितलं तर आधी याबद्दल विचारा.

तिसरं कारण चकवणारं आहे. गाडी निघताना छान गार करते, अर्ध्या-पाऊण तासाने हवा कमी कमी होत बंदच पडल्यासारखी होते. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की पुन्हा जोर येतो, आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी गळतं. हा कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याचा प्रकार. कॉइल गोठण्याआधी कंप्रेसर बंद करणारा एक छोटा सेन्सर असतो, तो नादुरुस्त असला किंवा गॅस थोडा कमी असला की असं होतं. मेच्या कोरड्या हवेत हे कमी दिसतं, जुलैच्या दमट हवेत जास्त.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाकू. "गाडीखाली पाणी पडत नाही, म्हणजे एसी काम करत नाही" असं पुष्कळ जण समजतात. ते पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी हवेत बाष्पच थोडं, तर पाणीही थोडंच पडणार. तेच पाणी उलट आत, शेजारच्या सीटच्या पायाशी गळायला लागलं तर मात्र निचऱ्याची नळी चोंदली आहे.

पळताना गार, फाटकापाशी गरम

खानदेशातल्या तक्रारींत मला हा प्रकार सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. महामार्गावर ऐंशीच्या वेगात गाडी मस्त गार. रेल्वे फाटक, टोल किंवा बाजारातली गर्दी आली की पाच मिनिटांत व्हेंटमधून कोमट वारा. पुन्हा गाडी पळाली की पुन्हा गार.

विचार करा: पळताना काय बदलतं? गॅस तेवढाच, कंप्रेसर तोच. बदलते ती मुख्यतः कंडेन्सरवर आदळणारी हवा. पळताना ती वेगामुळे आपोआप मिळते, उभं असताना ती पंख्याने ओढावी लागते. म्हणजे संशय सरळ कंडेन्सरच्या पंख्यावर आणि कंडेन्सरच्या स्वच्छतेवर येतो. तरीही या लक्षणावर गॅस भरून दिलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

तपासणी सोपी आहे. सावलीत गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून चालू ठेवा, एसी पूर्ण करा, बॉनेट उघडा. मिनिटभरात रेडिएटरपाशी पंखा फिरायला लागला पाहिजे. काही गाड्यांत दोन पंखे असतात, काहींत एकच पंखा दोन्ही कामं करतो. फिरत नसेल तर फ्यूज, रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), मोटर आणि तिचं कनेक्शन या क्रमाने बघावं लागतं. फिरतोय पण रडतखडत, तर मोटर दमली आहे. एक सावधगिरी: बंद दिसणारा पंखा कधीही एकदम सुरू होतो. आत हात घालू नका, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर बघा. पुढच्या जाळीतून बॅटरी मारली की त्याच्या पातळ पट्ट्या दिसतात. त्यात किडे, चिखल, कापसाचे तंतू, कधी प्लास्टिकची पिशवी. समोरून स्वच्छ दिसला तरी फसू नका. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत तंतू-धुळीचा नमदा बसलेला असतो आणि तो समोरून दिसत नाही. सुरत-नागपूर महामार्गावर कापसाच्या ट्रकांमागून हिवाळाभर चाललेल्या गाडीत तो सापडला नाही तरच नवल.

एक झटपट चाचणी आहे. एसी पूर्ण चालू असताना जाळीतून कंडेन्सरवर तांब्याभर साधं पाणी हळू शिंपडा. पंख्याच्या मोटरवर किंवा वायरींवर ओतू नका. मिनिटभरात आतली हवा ठळकपणे गार झाली, तर बिघाड बहुतेक कंडेन्सरकडून उष्णता बाहेर न जाण्यात आहे. धुताना इंजिन थंड असू द्या आणि पाण्याचा दाब कमी ठेवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने कंडेन्सरच्या पट्ट्या आडव्या होतात, मग धूळ गेली तरी हवेची वाट बंदच. आणि दगड लागू नयेत म्हणून पुढे बारीक स्टीलची जाळी बसवली असेल तर उन्हाळ्यापुरती तरी काढा. ती दगड अडवते, पण सोबत हवाही अडवते.

कंप्रेसर लागतो का?

हवा जोरात येते, पण पळतानाही आणि उभ्यानेही सतत गरमच, असं असेल तर कान द्या. गाडी उभी असताना एसीचं बटण दाबलं की बॉनेटमधून 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिनचा सूर क्षणभर बदलतो. तो आवाज कंप्रेसरच्या क्लचचा. क्लच म्हणजे विजेच्या चुंबकाने पुलीला चिकटणारी थाळी. ती चिकटली तरच कंप्रेसर फिरतो. काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, त्यांना ही आवाजाची परीक्षा लागू नाही.

टक् आला नाही तर फ्यूज गेलेला असू शकतो, रिले अडकलेला असू शकतो, क्लचची कॉइल जळालेली असू शकते. शेतातल्या घराशी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली असू शकते. हे कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. क्लच जुना झाला की थाळी आणि पुलीमधलं अंतर वाढतं. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असावं लागतं. वाढलं की सकाळी क्लच लागतो, इंजिन तापल्यावर लागत नाही, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी गार झालेली असल्यामुळे पुन्हा लागतो. मिस्तरी म्हणतो, "तुमची गाडी तर चांगली गार करते, भाऊ." अशा वेळी गाडी तापलेली असतानाच दाखवायला न्यावी.

आणखी एक कारण आहे, आणि तिथेच आपण परत गॅसपाशी येतो. नळीत दाब मोजणारा एक स्विच असतो. गॅस फारच कमी झाला तर तो कंप्रेसर लागूच देत नाही. याला बिघाड समजू नये. कंप्रेसरला लागणारं तेल गॅसबरोबरच फिरत असतं. गॅस नसेल तर तेल पोचत नाही आणि कंप्रेसर आतून घासून जाम होतो. काही जण हा स्विच वायर जोडून शॉर्ट करतात आणि "बघा, लागला की नाही" म्हणून दाखवतात. तसं कोणी करू लागला तर त्याला थांबवा. पाच मिनिटांच्या गारव्यापायी सगळ्यांत महागडा भाग पणाला लागतो.

गॅस खरंच कमी असेल तर

तर तो कुठूनतरी गळालाय. रबरी नळ्यांमधून आणि सांध्यांमधून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपत असतो, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत पहिल्यांदाच कमी निघाला तर ते वय समजायला हरकत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात भरला आणि या उन्हाळ्यात पुन्हा संपला, तर ती गळतीच. ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिलाची आगाऊ नोंद.

गळतीच्या ठरलेल्या जागा आहेत. सांध्यातल्या रबरी ओ-रिंग, गॅस भरायच्या तोंडातली बारीक पिन, कंप्रेसरच्या पुढच्या टोकाचं सील, दगड लागलेला कंडेन्सर, आणि आतली कूलिंग कॉइल. आपल्याकडच्या धुळीचा इथे एक उपयोग होतो. गॅससोबत थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. सगळी नळी राखाडी आणि एका सांध्याशीच काळा ओशट डाग, असं दिसलं तर गळती बहुतेक तिथेच. बाकी ठिकाणी साबणाचं पाणी, यूव्ही दिव्यात चमकणारा रंग, किंवा नायट्रोजन भरून दाब टिकतो का हे बघणं, असे उपाय असतात. कूलिंग कॉइलची गळती शोधायला सगळ्यांत अवघड, आणि दुरुस्तीला सगळ्यांत महाग, कारण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. इथे मजुरी भागाच्या किमतीशी स्पर्धा करते.

गळती काढल्यावर गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करणं, म्हणजे नळ्यांमधली हवा पंपाने पूर्ण ओढून काढणं, हा सगळ्यांत टाळला जाणारा टप्पा आहे. किमान अर्धा तास पंप चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये कधीच द्रव होत नाही, नुसती जागा अडवून दाब वाढवते. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, आणि तेलाशी मिळून आतून धातू खातो. व्हॅक्यूममध्ये पाणी कमी तापमानाला उकळतं. ४० अंशांना ते ५५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबालाच उकळून निघून जातं. म्हणजे या एका कामाला आपला मे महिना अनुकूल आहे. घाई कोणी करू नये एवढंच.

"पण गॅस भरल्याबरोबर गार झाला की!"

हो, होणारच. बारीक छिद्रातून महिन्यांमध्ये गेलेला गॅस तुम्ही दहा मिनिटांत परत दिलात. छिद्र जिथे होतं तिथेच आहे. उलट गळती लहान असेल तितका हा भ्रम जास्त टिकतो, कारण त्रास पुढच्या हंगामातच परत येतो आणि तोवर मागचं बिल विसरलेलं असतं.

"गेजवर दाब बरोबर दाखवला होता" असंही ऐकायला मिळतं. इंजिन बंद असताना गेजवर दिसणारा आकडा गॅस किती आहे हे सांगत नाही, गॅसचं तापमान किती आहे हे सांगतो. ४० अंशांना आर-१३४ए चा दाब १३० पीएसआयच्या आसपास असतो. नळीत थोडा जरी द्रव उरला असेल तोवर, मग गॅस पूर्ण असो की बराच कमी, आकडा तोच. चालू इंजिनवरच्या दोन्ही काट्यांवरून जाणकाराला पुष्कळ कळतं, हे खरं. पण गॅस बरोबर भरलाय हे ठरवायचा भरवशाचा मार्ग एकच: वजनकाटा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. आधी उरलेला गॅस काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा, आणि तेवढंच वजन भरायचं.

"मग थोडा जास्तच भरा ना"

ऊन जास्त म्हणून गॅस जास्त, हा हिशेब उलटा बसतो. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये जागा अडवतो, वाफेला गार व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो, आणि ४५ अंशांच्या दुपारी आधीच काठावर असलेली यंत्रणा दाबाच्या स्विचने बंद पडते, कारण दाब फार चढला तरी तो कंप्रेसर सोडवतो. ४०० ग्रॅमच्या गाडीत १०० ग्रॅम जास्त म्हणजे सव्वापट. हिवाळ्यात भरून नेलेली अशी गाडी मेपर्यंत कोणाला काही सांगत नाही.

घाटात बंद पडणारा एसी

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर एसी मध्येच गरम झाला आणि माथ्यावर पोचल्यावर आपोआप सुरू झाला, तर घाबरायचं कारण नाही. इंजिनचं पाणी जास्त तापलं किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की गाडीचा संगणक कंप्रेसर सोडून देतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. सपाट रस्त्यावरही असं होऊ लागलं तर मात्र एसी सोडा, आधी कूलंट आणि रेडिएटर बघा.

स्वस्त गॅस, नकली गॅस

ऑनलाइन छोटे डबे मिळतात, घरी नळी लावून भरता येतात. माझा सल्ला नको असाच आहे. त्यात व्हॅक्यूम होत नाही, वजन कळत नाही, काही डब्यांत गळती बुजवणारं रसायन असतं जे व्हॉल्व्हही बुजवतं, आणि निसटलेला द्रव बोटावर उडाला तर कातडी गोठून भाजल्यासारखा फोड येतो.

नकली गॅसचा धोका याहून मोठा आहे. रावेर-सावद्याची केळी ज्या रीफर कंटेनरांमधून परदेशी जातात, त्यांच्या थंड करणाऱ्या यंत्रातही आर-१३४ए वापरला जातो. २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये अशा कंटेनरांच्या यंत्रांचे स्फोट होऊन तीन कामगार दगावले. आर-१३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते ॲल्युमिनियमशी मिळून असं रसायन बनवतं जे हवा लागताच पेट घेतं, आणि आपल्या कारचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच असतो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात कोणी गॅस भरून देत असेल तर सिलिंडरवरचं नाव आणि सील बघायला मागण्यात कमीपणा नाही.

जुना गॅस हवेत सोडला तर काय बिघडतं?

'फुस्स' करून मोकळा करून दिला जातो, ते बहुतेकांनी पाहिलंय. वास नाही, धूर नाही, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण आर-१३४ए हा वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन सुमारे १४०० पट प्रभावी आहे. ४०० ग्रॅम हवेत सोडणं म्हणजे साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. याच्या आधीचा आर-१२ ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि हा आला. आता यालाही त्याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने मुदत घातली आहे. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपल्याकडे या गटातल्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. पुढच्या काही वर्षांत गॅस महाग होत जाईल असं धरून चालावं, आणि तेव्हा 'दर उन्हाळ्याला भरून घेऊ' ही सवय खिशालाही परवडणार नाही.

युरोपात २०१७ पासून नव्या कारमध्ये आर-१३४ए चालत नाही. तिथे आर-१२३४वायएफ हा वायू आला आहे. वातावरणाला तो सौम्य आहे, पण बराच महाग आणि थोडा ज्वलनशीलही. त्याची भरायची तोंडं मुद्दाम वेगळ्या मापाची ठेवली आहेत, म्हणजे दोन गॅस एकमेकांत मिसळू नयेत. तुमच्या गाडीत कोणता आहे हे त्याच बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी गॅरेजात सोडण्याआधी मोबाइलवर त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, आणि गाडी घेताना बिलावर 'गॅस चार्जिंग' एवढंच असेल तर पुढे ग्रॅम लिहून मागा.